उद्यानांच्या सहलीतला एक मोकळा दिवस: रामटेकजवळचे शेतघर

सहलीला आलेल्या नवराबायकोला मधला एक दिवस काहीच न करता काढायचा असेल, तर रामटेकच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या या दोन खोल्यांच्या शेतघराची शिफारस मी निःसंकोच करीन. मात्र ज्यांना दर दोन तासांनी नवे काही पाहायला, चढायला किंवा खेळायला हवे असते, त्यांनी येथे येऊन घरच्या माणसांना संकोचात टाकू नये.

आमची सहल मुळात नागपूरच्या भोवतालच्या मनोरंजन उद्यानांसाठी ठरली होती. अशा उद्यानांची एक गंमत असते. प्रवेशद्वारावर दिवसभराचे तिकीट एकदम घेतले जाते आणि त्यानंतर माणूस ते तिकीट वसूल करण्याच्या मागे लागतो. एका पाळण्यासाठी अर्धा तास रांगेत उभे राहायचे, दोन मिनिटे ओरडायचे, उतरून पुढच्या रांगेकडे धावायचे आणि लाटांच्या तळ्याची वेळ चुकू नये म्हणून भर जेवणात घड्याळ पाहायचे, असा तो क्रम असतो. बाहेरचे खाणे आत नेता येत नसल्याने फाटकावर पिशवीतल्या दशम्या काढून ठेवाव्या लागतात आणि आत मिळेल ते मिळेल त्या भावाने खावे लागते. यात मौज नाही असे मी म्हणणार नाही; मौज भरपूर आहे, परंतु सिमेंटच्या फरशीवरून दिवसभर चालून रात्री पोटऱ्या ठणकू लागतात, तेव्हा दोन उद्यानांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा हे ज्याला सुचते, त्याचीच सहल नीट पार पडते. आमच्या घरी हे माझ्या यजमानांना सुचले, हे येथे नोंदवून ठेवते, कारण सहलीचे नियोजन त्यांच्याकडून सहसा होत नाही.

आम्ही दोघेही यवतमाळकडचे, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यातले. वर्षभर वावरात राबणाऱ्या माणसांनी पैसे देऊन दुसऱ्याच्या वावरात जाऊन बसावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु स्वतःच्या वावरात बसले की धुऱ्यावरचे तण दिसते, फुटलेले आणि वेचायचे राहिलेले बोंड दिसते, उद्या किती मजूर सांगायचे याचा हिशेब डोक्यात सुरू होतो. दुसऱ्याचे वावर नुसते पाहता येते. त्यातही आमच्याकडे कपाशी, तर इकडे धानाच्या बांध्या, म्हणजे कामही ओळखीचे नाही आणि चूक काढण्याची सोयही नाही.

घराला फलक नाही. खोल्या दोनच असल्यामुळे आणि त्या ओळखीतूनच भरत असल्यामुळे नाव जाहीर करू नये अशी त्या कुटुंबाची विनंती आहे, ती मी पाळते आहे. रामटेकच्या बसस्थानकापाशी चौकशी केली तरी अशी आणखी घरे सापडतात. नागपूरहून रामटेक सुमारे ५० किलोमीटर आहे. जबलपूरच्या महामार्गाने मनसरपर्यंत यायचे आणि तेथून उजवीकडे वळायचे, हा सरळ रस्ता. नागपूरहून रामटेकपर्यंत रेल्वेचा फाटाही आहे. शेवटचा तुकडा मात्र कच्चा आहे आणि चारचाकी सावकाश हाकावी लागते.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, तेव्हापासून आपल्याकडेही ठिकठिकाणी शेतावर राहण्याच्या सोयी निघाल्या आहेत आणि त्यांपैकी काहींचा अनुभव आम्हाला आहे. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी पाहुण्याला रिकामे बसू दिले तर त्याचे पैसे वाया गेले असे वाटेल, ही मालकाला सतत धास्ती असते. म्हणून सकाळी बैलबंडीची फेरी, मग विटीदांडू, मग फेटा बांधून छायाचित्र, मग चुलीवर भाकर थापण्याचे प्रात्यक्षिक, अशी यादी हातात दिली जाते. भाकर थापण्याचे प्रात्यक्षिक मला दाखवणाऱ्या त्या भल्या गृहस्थांना मी काय उत्तर दिले असेल, याची कल्पना माझ्या वाचक भगिनींना येईल. थोडक्यात, उद्यानातून सुटका म्हणून जावे आणि पाळण्यांच्या ऐवजी बैल असलेल्या उद्यानात शिरावे, असा तो प्रकार होतो.

या घराने ती चूक केलेली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा घरच्या काकांनी तांब्यातून पाणी दिले, सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, दोन बाजा दाखवल्या, मोरी आणि संडास कोठे आहे ते सांगितले आणि म्हणाले, "काही लागलं तं आवाज द्या जी, नाही तं आमी तिकडे येत नाही." आणि खरोखरच ते आले नाहीत. चहा किती वाजता हवा हे विचारायलाही नाही. चहा हवा असेल तर आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी जायचे, अशी पद्धत आहे. पाहुण्याला एकटे सोडणे आणि पाहुण्याकडे दुर्लक्ष करणे यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हा व्यवसाय कळला असे मी मानते. काका अंगणापलीकडे दावी वळत बसलेले आम्हाला दिसत होते आणि आम्ही त्यांना दिसत होतो, परंतु दोन्ही बाजूंनी बोलण्याची सक्ती नव्हती.

या पद्धतीची परीक्षा दुपारी झाली. शेजारच्या खोलीत उतरलेल्या तरुणांनी ब्लूटूथचा डबा काढून मोठ्या आवाजात गाणी सुरू केली. आम्ही तक्रार करावी की नाही, याचा विचार करीत असतानाच काका उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन शांतपणे म्हणाले, "गाणे आयकाचे असन तं बांधीकडे जा जी, इथं पाव्हणे झोपले हायेत." तरुण निमूटपणे डबा घेऊन निघून गेले. मोठ्या हॉटेलांतही अशा वेळी स्वागतकक्षाला तीनदा फोन करावा लागतो, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

जेवणाविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण माझ्यासाठी सुट्टी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातचे गरम ताट, आणि या बाबतीत माझे यजमान कितीही उदार मत मांडोत, घरी ती सुट्टी मिळत नाही. डिसेंबरात तुरीच्या शेंगा हिरव्या असतात. काकूंनी त्यांचे सोले काढून अर्धे जाडसर वाटले होते, अर्धे अख्खे ठेवले होते आणि वांग्याबरोबर शिजवले होते. सोलेवांगे आमच्याकडेही करतात, परंतु आम्ही त्यात खोबरे आणि भाजलेला कांदा सढळ घालतो. येथे मसाला नावापुरता होता आणि ओल्या तुरीचा गोडसर, किंचित हिरवट स्वाद तसाच राहिला होता. बरोबर ज्वारीची भाकर, लोखंडी तव्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेले पातळ वरण आणि चिन्नोर तांदळाचा भात होता. चिन्नोर हा पूर्व विदर्भाचा सुवासिक तांदूळ. आम्हा ज्वारी खाणाऱ्यांना भाताचे फारसे कौतुक नसते, पण माझ्या यजमानांनी भाकर बाजूला सारून दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा मी काही बोलले नाही. दुपारनंतर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मीठ घालून उकडून दिल्या. त्या सोलत बसणे हा त्या दिवसातला सर्वांत मोठा उद्योग होता.

रात्रीचा पातोडीचा रस्सा मात्र तितका जमला नव्हता. भिवापुरी मिरचीची तर्री दिसायला झोकदार होती, पण तेलाचा थर जाड होता आणि त्याखाली बेसनाच्या वड्यांची चव दबून गेली होती. पाहुण्यांना नागपूरकडचे जेवण झणझणीतच हवे असते, अशी समजूत आता घराघरांत रुजलेली दिसते. काकूंच्या हाताला दुपारचा साधा स्वयंपाक शोभतो. रात्रीही तोच करावा, असे मी त्यांना जाताना सांगितले आणि त्यांनी ते मनावर घेतल्यासारखे दिसले.

दिवसभर घरातच राहावे असा नियम नाही, आणि आसपास पाहण्याजोगे इतके आहे की मोह आवरणे अवघड जाते. गडावर रामाचे मंदिर आहे, त्याच टेकडीवर वाकाटक या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या काळातली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरे आहेत, पायथ्याशी अंबाळा तलाव आहे आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असे मत संस्कृतचे आणि प्राचीन इतिहासाचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडल्यामुळे गडावर कालिदासाचे स्मारकही उभे राहिले आहे. दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर नगरधनचा किल्ला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती येथेच, असे मानले जाते आणि २०१५ ते २०१८ या काळात तेथे झालेल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाचे मातीचे मुद्रांकन मिळाले. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी विदर्भात येऊन, वैधव्यानंतर लहान मुलांच्या वतीने राज्य चालवते, हा इतिहास आमच्या शाळेतल्या पुस्तकात दोन ओळींत संपला होता. मनसरच्या उत्खननाची जागा तर येण्याच्या वाटेवरच आहे.

हे सर्व एका दिवसात पाहू लागलो, तर उद्यानातल्या रांगांसारखाच दिवस जाईल. म्हणून आम्ही यांतले एकच निवडावे असे ठरवले आणि उन्हे कलल्यावर खिंडसी तलावावर गेलो. ब्रिटिश काळात सूर नदीवर मातीचा बांध घालून केलेला हा विस्तीर्ण जलाशय तिन्ही बाजूंनी टेकड्यांनी वेढलेला आहे आणि तेथे नौकाविहाराची सोय आहे. आम्ही नावेत बसलो नाही. बांधावर बसून शेंगांची उरलेली पुडी संपवली आणि अंधार पडण्यापूर्वी परत आलो. गडावर जाणाऱ्यांनी इतके लक्षात ठेवावे की तेथील माकडे धीट असून हातातला प्रसाद आणि पिशवी त्यांना चालते.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. संडास-मोरी घराबाहेर आहे आणि डिसेंबरच्या पहाटे तेथवर जाणे नको होते. आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. ते उत्तम असले तरी दोन्ही खोल्या भरलेल्या असतील तर पाळी लावावी लागते. गाद्या पातळ आहेत, कंबरेचे दुखणे असलेल्यांनी आणखी एक मागून घ्यावी, ती मिळते. मोबाइलला रेंज सपरीच्या एकाच कोपऱ्यात येते, याला मी उणीव म्हणत नाही, पण कामानिमित्त फोन लागणाऱ्यांना ती वाटेल. चांदण्यांच्या आशेने येणाऱ्यांनाही सांगायला हवे की रामटेकचे दिवे येथून दिसतात, त्यामुळे आकाश पूर्ण काळे होत नाही. त्यासाठी पेंचच्या बाजूला जावे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे काळे आकाश जपलेले ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली आहे.

दोघांचे एका दिवसाचे राहणे, दोन जेवणे, चहा आणि नाश्ता मिळून आम्ही दोन हजार रुपये दिले. उद्यानातली दोन तिकिटे, आतले जेवण आणि कपाट भाड्याने घेण्याचे पैसे धरले तर तेथे याहून अधिक खर्च झाला होता. मला हा दर वाजवी वाटला. थोडा अधिक घेऊन संडास-मोरी घराला जोडून बांधली तर वयस्क जोडप्यांनाही येथे येता येईल. पैसे रोख द्यावे लागतात.

येण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि खोल्यांत कूलर एकच आहे. पावसाळ्यात शेवटचा कच्चा रस्ता चिखलात जातो, शिवाय रोवणीच्या दिवसांत घरच्या माणसांना पाहुणे नकोच असतात. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास गडावर यात्रा भरते, तेव्हा शांततेसाठी येऊ नये, यात्रेसाठी मात्र अवश्य यावे. लहान मुले बरोबर असतील तर अंगणातली विहीर उघडी आहे हे ध्यानात घ्यावे. जेवणात काय हवे ते आदल्या संध्याकाळी फोनवर सांगावे लागते आणि सोलेवांगे हवे असतील तर तूर हिरवी आहे तोवरच, म्हणजे साधारण संक्रांतीपर्यंत, येऊन जावे.