ग्वांगझूच्या जिनान विद्यापीठात चिनी शिकताना: जवळपास वर्षभराचा अनुभव

आधी एक खुलासा, कारण पुण्यात एका एजंटाच्या ऑफिसात हा घोळ मी डोळ्यांनी पाहिलाय. शानदोंग प्रांतात जिनान नावाचं शहर आहे आणि तिथलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ जिनान’ हे पूर्ण वेगळं विद्यापीठ. मी लिहितेय ते ‘जिनान युनिव्हर्सिटी’बद्दल. ते पार दक्षिणेला, ग्वांगझूत आहे. हाँगकाँगहून वेगवान रेल्वेने तासाभराचं अंतर. अर्ज भरताना शहराचं नाव दोनदा वाचा.

मी तिथल्या ह्वावन कॉलेजात चिनी भाषेचा कोर्स केला. हे कॉलेज तिआन्हे भागातच आहे, पण मुख्य शीपाय कॅम्पसपासून वेगळं. त्याच एजंटाने “अगदी लागूनच आहे हो” असं सांगितलं होतं. लागून वगैरे काही नाही. तळं, मोठं ग्रंथालय, सू बिंगत्यान ज्या विद्यापीठात शिकला आणि शिकवतो त्याचं मैदान, असं सगळं मनात धरून गेलात तर रोजचं आयुष्य त्यापेक्षा छोट्या आवारात जाईल. (सू बिंगत्यान म्हणजे टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ९.८३ सेकंदांत धावलेला चिनी धावपटू.) मला छोटं आवारच आवडलं.

ही जागा मुळात आपल्यासाठी काढलेलीच नाही, हे तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं. १९०६ साली छिंग राजवटीत नानजिंगला ही शाळा सुरू झाली ती परदेशी स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या मुलांसाठी, आणि पहिली तुकडी आली जावा बेटावरून. पुढे ती शांघायला गेली, जपानशी युद्ध पेटल्यावर फूच्यान प्रांताच्या डोंगराळ भागात सरकली, १९५८ साली ग्वांगझूत नव्याने उभी राहिली, सांस्कृतिक क्रांतीत १९७० साली बंद पडली आणि १९७८ साली पुन्हा उघडली. आजही कारभार परदेशस्थ चिनी लोकांचं खातं सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे आहे, आणि २०१८ पासून ते खातं कम्युनिस्ट पक्षाच्या युनायटेड फ्रंट विभागात (पक्षाबाहेरच्या लोकांशी संबंध सांभाळणारा विभाग) विलीन झालंय. म्हणजे कॉलेजातले कार्यक्रम, सहली, स्पर्धा यांचा सूर ‘मुळांकडे परत या’ असा असतो. आपण लग्नघरातल्या शेजाऱ्यासारखे. जेवायला बसवतात, पण फोटोसाठी हाक मारली जाते ती भावकीला.

मला वाटतं, भाषा शिकायला हीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे. माझ्या वर्गात इंडोनेशियाची मुलं भरपूर होती. सुहार्तोंच्या काळात, १९६६ नंतर, तिथल्या चिनी शाळा बंद झाल्या आणि सार्वजनिक जीवनातून चिनी भाषा हद्दपार झाली. हे निर्बंध २००० च्या आसपास उठले. त्यामुळे आजोबांना येते, आईबाबांना येत नाही, आणि नातवंडं ग्वांगझूला येऊन पहिलीपासून गिरवतात. पनामाची एक मुलगी घरी फोनवर फाडफाड कँटोनीज (ग्वांगझूकडची चिनी बोली) बोलायची, पण पाटीवरचं अक्षर ओळखता येत नव्हतं. थाई, व्हिएतनामी, मादागास्करचे. इंग्रजी कुणाचंच धड नाही. मग खोलीत, लाँड्रीत, जेवणाच्या रांगेत बोलायचं कशात? मोडक्यातोडक्या चिनीत. बीजिंगच्या मोठ्या विद्यापीठांत गेलेले माझे मित्र अजून आपापसात इंग्रजीच बोलतात.

याची दुसरी बाजू म्हणजे वेग. ज्यांच्या घरात कुठली ना कुठली चिनी बोली कानावर पडलीय, त्यांना स्वर (शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार) मुळापासून शिकवावे लागत नाहीत. आपल्याला लागतात. पहिले दोन महिने मी वर्गात शेपटाला होते. उच्चारांत मात्र मराठी माणूस भाग्यवान. ‘चमचा’तला च आणि ‘चिंच’मधला पहिला च हे दोन्ही आपल्या तोंडात आधीपासून आहेत, आणि चिनीत ते दोन वेगळे ध्वनी आहेत. प आणि त्याचा महाप्राण, त आणि थ, हा फरकही त्यांच्याकडे आपल्यासारखाच. वर्गातल्या काहींना तो घोकावा लागायचा. फक्त ‘फ’ इंग्रजी ‘फॅन’सारखा ओठ-दातांतून काढायची सवय असेल तर मोडावी लागते. चार स्वरांना मात्र काही इलाज नाही, रोज मोठ्याने वाचायचं. निघताना मी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास होते, म्हणजे तेव्हाच्या अभ्यासक्रमानुसार बाराशे शब्द. वर्तमानपत्र वाचायला ते पुरत नाहीत.

आणि बाहेर पडलं की शहर कँटोनीज बोलतं. भाजीवाली आजी मँडरिनमध्ये, म्हणजे आम्ही वर्गात शिकायचो त्या प्रमाण चिनीत, उत्तर देते, पण गप्पा मारते तिच्याच भाषेत. फक्त मँडरिन ऐकून कान तयार करायचा असेल तर उत्तरेकडे जा.

खाण्याबद्दल शाकाहारींना थेट सांगते, त्रास आहे. ‘भाजी’ म्हणून आलेल्या ताटात डुकराची चरबी किंवा किसलेलं मांस असू शकतं. टोमॅटो-अंडं, तोफू, वाफवलेले तांदळाचे चाँगफन यांवर मी दिवस काढले. मांसाहारी असाल तर ग्वांगझूसारखं शहर नाही, माझी रूममेट तिथून हललीच नसती. खोलीत कुकर चालतो का, हे आधी विचारून घ्या.

हवा कोकणातल्यासारखी दमट. मार्चच्या सुमारास दक्षिणेकडून ओलसर वारा येतो तेव्हा फरशीला आणि भिंतींना अक्षरशः पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते.

व्हिसाच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कोर्ससाठी एक्स-१ मिळतो, आणि पोचल्यापासून तीस दिवसांत निवास परवाना काढावा लागतो, त्याआधी वैद्यकीय तपासणी. हॉस्टेलबाहेर राहिलात तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद. गूगल, व्हॉट्सॲप तिथे चालत नाहीत. आईला वीचॅट शिकवून निघा. विमानाचं आता सोपं झालंय. २०२० पासून बंद असलेली थेट सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली, मागोमाग दिल्लीहूनही.

मला सगळ्यात जास्त मेसेज येतात ते एमबीबीएसबद्दल. जिनानमध्ये इंग्रजीतून एमबीबीएस आहे, भारतीय मुलंही शिकतात. पण मी त्या वर्गात बसलेली नाही, म्हणून दर्जाबद्दल बोलणार नाही. नियम मात्र सांगते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता लागते. भारतात परतल्यावर परीक्षा वेगळीच. शिवाय वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही, आणि आजोबांच्या वयाचा असेल तर बहुधा मँडरिनही धड नाही. एजंट या गोष्टी चहा पाजून झाल्यावर सांगतो, किंवा सांगतच नाही.

वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, कँटन फेअर हा मोठा व्यापारमेळा भरतो तेव्हा आपले व्यापारी मोठ्या संख्येने येतात आणि मराठी बोलणारी दुभाषी मिळाली की खूश होतात. मलाही विचारणा झाली. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय पैसे घेऊन काम करणं बेकायदा आहे, म्हणून मी नाही म्हटलं. परवानगीसाठी कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारा, फेअर तोंडावर आल्यावर नको.