मेफ्लॅशचा गेमक्यूब अडॅप्टर : सगळी मदार एका छोट्या स्विचवर

२००१ सालच्या निंटेंडो गेमक्यूब या गेम कन्सोलचा कंट्रोलर आजच्या कॉम्प्युटरला जोडायचा तर मध्ये अडॅप्टर हवाच. त्याचा प्लग यूएसबीचा नाही, आणि आतला संवादही निंटेंडोचा स्वतःचा, एकाच डेटा तारेवरून चालणारा. मेफ्लॅश कंपनीच्या चार पोर्टांच्या काळ्या डबीत दोन गोष्टी आहेत : यूएसबीच्या दोन वायरी आणि एक सरकता स्विच. बहुतेक तक्रारींचं मूळ या दोनांतच सापडतं.

आधी वायरी. काळा प्लग डेटाचा, तो लावल्याशिवाय काहीच होत नाही. करडा फक्त व्हायब्रेशनच्या विजेसाठी. कंट्रोलरचं सर्किट साधारण ३.४ व्होल्टवर चालतं, पण आतल्या मोटरला ५ व्होल्ट लागतात. करडा प्लग न लावता बटणं नीट चालली आणि हादरे मात्र आले नाहीत, तर माल खराब म्हणून परत पाठवू नका. वेव्हबर्ड या वायरलेस कंट्रोलरला मोटरच नसते, त्यामुळे तिथे एक पोर्ट वाचतो.

आता स्विच. एका बाजूला 'पीसी', दुसऱ्या बाजूला 'वी यू' (निंटेंडोचाच नंतरचा कन्सोल). कॉम्प्युटरला जोडतोय म्हणजे 'पीसी'च, असं कुणालाही वाटेल. साध्या खेळांसाठी ते बरोबरही आहे : विंडोजला ड्रायव्हर लागत नाही, चार जॉयस्टिक दिसू लागतात. जुने खेळ त्यातली पहिलीच ओळखतात, म्हणून कंट्रोलर पोर्ट १ मध्ये लावा. पण या मोडमध्ये दोन गोष्टी त्रास देतात. गेमक्यूबची स्टिक पूर्ण टोकापर्यंतचे आकडे देतच नाही, त्यामुळे कॅलिब्रेशन केलं नाही तर खेळातलं पात्र पळायच्या ऐवजी चालतं. दुसरं, एल आणि आर ट्रिगर दाबताना आधी अ‍ॅनालॉग अक्ष (ट्रिगर किती दाबला ते सांगणारा आकडा) हलतो आणि तळाशी गेल्यावर बटणाचा 'टक' येतो. बटणं नेमून देताना सॉफ्टवेअर अक्षच पकडतं आणि 'टक' बाजूला राहतो.

डॉल्फिन एम्युलेटर (गेमक्यूबचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी स्विच 'वी यू'कडेच सरकवावा, प्लग काढून पुन्हा लावावा. विंडोजवर इथे ड्रायव्हर बदलण्यासाठी झाडिग नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं. त्यात ऑप्शन्समधून सगळी उपकरणं दाखवायला सांगा, यादीतून 'डब्ल्यूयूपी-०२८' (अडॅप्टर तिथे याच नावाने दिसतो) निवडा, ड्रायव्हर म्हणून विनयूएसबी ठेवा आणि 'रिप्लेस ड्रायव्हर' दाबा. बटण दाबण्यापूर्वी ओळख क्रमांक ०५७ई आणि ०३३७ आहेत ना, हे बघा. घाईत त्याच यादीतला माऊस किंवा कीबोर्ड निवडला गेला, तर तोच बंद पडतो. मग डिव्हाइस मॅनेजरमधून तो चुकीचा ड्रायव्हर काढून टाकावा लागतो. लिनक्सवर ड्रायव्हर नको, पण याच दोन क्रमांकांसाठी यूडेव्हचा (लिनक्समधल्या उपकरणं सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहून परवानगी द्यावी लागते.

शेवटी डॉल्फिनच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये 'गेमक्यूब अडॅप्टर फॉर वी यू' निवडा. बटणं एकेक नेमून द्यायची गरज नाही, ट्रिगरचा 'टक' आणि अक्ष दोन्ही वेगवेगळे पोचतात, स्टिकचं मापही बरोबर बसतं. हादरे हवे असतील तर तिथल्या 'कॉन्फिगर'मध्ये रंबलची खूण करायला विसरू नका. या मोडमध्ये विंडोजच्या जॉयस्टिकच्या यादीत काहीच दिसत नाही. घाबरू नका, ते तसंच असतं.

पात्र आपोआप एका बाजूला सरकतंय? कंट्रोलर जोडला जाताना स्टिक जिथे असते, तीच जागा तो मध्य मानतो. स्टिक सोडून द्या आणि एक्स, वाय, स्टार्ट ही तिन्ही बटणं तीनेक सेकंद एकत्र दाबून धरा. एवढं करूनही सरकणं थांबलं नाही तर स्टिकची झीज झाली आहे, दोष अडॅप्टरचा नाही.

निंटेंडोच्या मूळ अडॅप्टरला 'पीसी' मोडच नाही. फक्त डॉल्फिन वापरणाऱ्यांचं त्यावाचून अडत नाही. बाकीच्या खेळांसाठीही हाच कंट्रोलर हवा असेल तर मेफ्लॅशच घ्यावा. कुरकुर एकच : करड्या प्लगसाठी पोर्ट अडतो, आणि दोनच पोर्टांच्या लॅपटॉपवर मग माऊस कुठे लावायचा?