मिनॉक्सिडिल ५ टक्के: दोन महिन्यांत निकाल लावू नका

बरेच दिवस वापरतोय म्हणून लिहितो, टक्कल पडतंय तिथे केस यावेत म्हणून डोक्याला लावायचं हे लोशन काम करतं, पण फार सावकाश, आणि बहुतेक लोक नेमकं नको त्या वेळी सोडून देतात.

सुरुवातीला केस यायचं राहिलं बाजूला, उलट जास्तच गळतात. दोन-तीन आठवडे झाले की उशीवर, टॉवेलवर, कंगव्यात, बघावं तिकडे केस. ह्याला शेडिंग म्हणतात. वाढ थांबलेले जुने केस गळून त्या मुळांतून नवीन चक्र सुरू होतं म्हणून असं होतं, साधारण दीड-दोन महिन्यांत थांबतं. प्लीज इथे घाबरून बाटली फेकू नका!!

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भोवऱ्यापाशी बारीक फिकट लव दिसायला लागते, समोरून कळत नाही, डोकं वाकवून उजेडात धरलं की दिसते. त्यातली काही पुढे जाड आणि काळी होते, सगळी नाही. खरा फरक सहा महिन्यांनंतर, आणि वर्षभरात जेवढं यायचं तेवढं येऊन जातं, मग आहे ते टिकवायचं. कपाळाचे कोपरे मात्र फारसे भरत नाहीत आणि जिथे टक्कल पडून गुळगुळीत झालंय तिथे तर आशाच ठेवू नका.

दिवसातून दोनदा १ मिली, तेही कोरड्या डोक्यावर, केसांना नाही तर कातडीला लागलं पाहिजे. केस चिकट होतात हे मला अजिबात आवडत नाही. ओघळ कपाळावर आला तर लगेच पुसा, नाहीतर तिथेही लव वाढते. खाज सुटत असेल तर बऱ्याचदा त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव), ह्याच औषधाचा फेसासारखा फोम मिळतो त्यात ते नसतं. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजरांसाठी हे विष आहे.

आणि बंद केलं की आलेले केस तीन-चार महिन्यांत परत जातात, कारण मुळात हे ब्लड प्रेशरचं औषध, टक्कल पाडणाऱ्या डीएचटी हार्मोनला ते हातच लावत नाही. त्यावर फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी असते, अमेरिकेत पुरुषांसाठी १९९७ पासून मंजूर आहे, पण काहींना लैंगिक तक्रारी होतात त्यामुळे डॉक्टरांशी बोलूनच.

माझ्याकडून पाचपैकी चार. अचानक चट्टे पडून केस जात असतील तर मात्र हे विकत घेऊ नका, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.