इलेक्ट्रिक पिकअपवर ४८ व्होल्टची स्वतंत्र वीज : अंबडमधील एका वर्कशॉपच्या कामाविषयी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान ऑटो-इलेक्ट्रिकल वर्कशॉपने आमच्या इलेक्ट्रिक पिकअपवर यंत्रे आणि हत्यारे चालवण्यासाठी ४८ व्होल्टची स्वतंत्र वीजव्यवस्था बसवून दिली. द्राक्षांचा एक पूर्ण हंगाम ती वापरल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. मालकांच्या हाताखाली मोजकीच माणसे आहेत आणि ओळखीतून येणारे कामच त्यांना पुरते, म्हणून त्यांच्या इच्छेनुसार वर्कशॉपचे नाव येथे देत नाही. मात्र नाशिकमध्ये इलेक्ट्रिक मालवाहू गाड्या वाढत आहेत, आणि त्यांच्या मालकांना ‘एवढी मोठी बॅटरी असताना त्यातून माझा ग्राइंडर का चालत नाही’ हा प्रश्न लवकरच पडतो. त्याचे बरोबर उत्तर कसे असते, हे या कामातून चांगले समजते.

आमचा व्यवसाय निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत या भागांतील शीतगृहे व प्री-कूलिंग युनिटांच्या (माल साठवण्यापूर्वी थंड करणाऱ्या खोल्यांच्या) दुरुस्तीचा आहे. युनिटचा पॅनल उघडायचा म्हणजे तेथील वीज आधी बंद करावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी व्हॅक्यूम पंप, गॅस परत घेण्याचे रिकव्हरी मशीन, ड्रिल आणि ग्राइंडर यांना वीज लागते. यांपैकी एकही यंत्र एक किलोवॅटच्या फार वर जात नाही. पण व्हॅक्यूम पंप तासन् तास सलग चालवावा लागतो आणि सुरू होताना त्याची मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. पूर्वी आम्ही यासाठी पेट्रोलचा जनरेटर बरोबर नेत असू. द्राक्षे भरलेल्या खोलीच्या दाराशी त्याचा धूर सोडणे कोणाही बागायतदाराला आवडत नाही, आणि ते योग्यही नाही.

इलेक्ट्रिक पिकअपमध्ये विजेचे दोन वेगळे संसार असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. चाके फिरवणारी मुख्य बॅटरी उच्च दाबाची असते. महिंद्रा झिओसारख्या छोट्या मालवाहू गाडीतही ही रचना ३०० व्होल्टच्या वरची आहे, आणि तिच्या मोठ्या बॅटरीत, तसेच टाटा एस ईव्हीच्या बॅटरीत, २१.३ किलोवॅट-तास, म्हणजे घरगुती भाषेत एकवीस युनिटांहून अधिक वीज मावते. दुसरीकडे दिवे, हॉर्न, वायपर, काचेची मोटर आणि गाडीचे सर्व नियंत्रक मात्र जुन्या १२ व्होल्टवरच चालतात. डिझेल गाडीत जे काम अल्टरनेटर करतो, ते येथे डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. मुख्य बॅटरीची वीज उतरवून तो १२ व्होल्टच्या मंडलाला देतो. हा कन्व्हर्टर गाडीच्या स्वतःच्या गरजेपुरता बेतलेला असतो. त्यामुळे मागे एकवीस युनिटे असली तरी पुढच्या नळातून येणारी धार बारीकच राहते.

आता त्या १२ व्होल्टवर दीड किलोवॅटचा भार टाकायचा असे समजा. १५०० वॅटना १२ ने भागले की १२५ अँपिअर येतात, आणि इन्व्हर्टरमधील घट धरली तर त्याहूनही जास्त. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाताना चार मीटर आणि येताना चार मीटर धरली, तर तिच्यातच सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि जवळपास ८७ वॅट नुसत्या उष्णतेत जातात. तोच भार ४८ व्होल्टवर घेतला, तर प्रवाह ३१ अँपिअरच्या आसपास येतो आणि त्याच केबलमधील उष्णता साडेपाच वॅटांपर्यंत उतरते. दाब चौपट केला की प्रवाह चतुर्थांश होतो; पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सोळाव्या हिश्शावर येते. वर्कशॉपच्या मालकांनी हे गणित आम्हाला कागदावर करून दाखवले आणि मगच दर सांगितला. ग्राहकाला एवढे समजावून सांगणारा कारागीर मिळणे, हीच या सेवेची पहिली जमेची बाजू आहे.

मग ४८ वरच का थांबायचे, ९६ किंवा १२० का नाही, याचे कारण सुरक्षिततेत आहे. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या एआयएस-०३८ या भारतीय मानकात ६० व्होल्टांपेक्षा जास्त डीसी (बॅटरीसारख्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब हा उच्च दाब मानला जातो, आणि तेथून पुढे इन्सुलेशन, स्पर्शापासून संरक्षण, इशाऱ्याची खूण आणि नारिंगी केबल यांचे बंधन लागू होते. ४८ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही या सीमेच्या आत ठेवता येते. टेलिफोन एक्स्चेंज पिढ्यान् पिढ्या ४८ व्होल्ट डीसीवर चालत आली आहेत, म्हणून या दाबाची बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर बाजारात सहज मिळतात. मोटारींचे जग मात्र येथे उशिरा पोहोचले. १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या आणि मग बहुतेक तेथेच राहिल्या. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या टेस्लाच्या सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपने दिवे, मोटरी आणि इतर जोडउपकरणांसाठी ४८ व्होल्टची रचना स्वीकारली, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. फोर्डने एफ-१५० लाइटनिंग या आपल्या इलेक्ट्रिक पिकअपमध्ये निराळा मार्ग घेतला : १२ व्होल्टचे मंडल तसेच ठेवले आणि मुख्य बॅटरीवर कारखान्यातच इन्व्हर्टर बसवून काही प्रकारांत ९.६ किलोवॅटपर्यंतची वीज सॉकेटवर आणून दिली. माझ्या मते काम करणाऱ्या माणसासाठी फोर्डचा मार्ग अधिक उपयोगी आहे, कारण त्यात मुख्य बॅटरीचाच साठा वापरता येतो. मात्र ते काम गाडी बनवणाऱ्यानेच करायचे असते. बाहेरच्या वर्कशॉपने त्याची नक्कल करू नये.

हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण शहरातीलच दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला मुख्य बॅटरीच्या केबलवर फाटा मारून थेट इन्व्हर्टर लावून देण्याची तयारी दाखवण्यात आली होती. अंबडच्या मालकांसमोर हा विषय काढताच ते म्हणाले, “दादा, नारिंगी केबलला मी हात लावणार नाही, आणि तुम्हीही दुसऱ्या कोणाला लावू देऊ नका.” त्यांनी दिलेली कारणे ऐकण्यासारखी होती. उच्च दाबाचे मंडल गाडीच्या सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेले असते, आणि डीसी मंडलासाठी ते अलगपण दर व्होल्टमागे किमान १०० ओहम इतके राहावे लागते. म्हणजे ३०० व्होल्टच्या गाडीत ३० हजार ओहम. बाहेरचा फाटा मारला, त्यात पावसाळ्यात ओल गेली, की हे अलगपण संपते. मग गाडीची देखरेख यंत्रणा बिघाडाचा इशारा देते, किंवा इशारा मिळण्याआधीच माणूस धोक्यात येतो. कनेक्टर उघडला की पुरवठा तोडणारी इंटरलॉकची साखळी अशा जोडणीत वगळली जाते. वॉरंटीचा प्रश्न त्यानंतरचा आहे. एखादे काम करण्यास नकार देणाऱ्या कारागिराचा धंदा बुडतो असे आपल्याकडे समजले जाते, पण आमचा विश्वास त्या नकारामुळेच बसला.

प्रत्यक्ष बसवलेली व्यवस्था अशी आहे. हौद्याच्या पुढच्या भिंतीला लागून, केबिनच्या मागे, पोलादी पेटीत ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. तिच्यात १६ नव्हे, तर १५ सेल ओळीने जोडलेले आहेत. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज होताना ३.६५ व्होल्टपर्यंत जातो; १६ सेल असते तर एकूण दाब ५८.४ व्होल्ट झाला असता, म्हणजे साठच्या सीमेला अगदी टेकला असता. १५ सेलमध्ये तो ५४.७५ वर थांबतो. मोबाइल टॉवरसाठी अशा बॅटऱ्या वापरात असल्याने त्यासाठी वेगळी खटपट करावी लागली नाही. साठा ४.८ युनिटांचा, आणि बॅटरी पूर्ण न उतरवता व इन्व्हर्टरची घट वजा करता हातात येणारी वीज चार युनिटांच्या थोडी आत. बॅटरीवर तीन केव्हीएचा, ट्रान्सफॉर्मर असलेला शुद्ध साइन-वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर आहे. तो वजनाला जड आहे, परंतु पंपाच्या मोटरचा सुरुवातीचा झटका तो शांतपणे सोसतो. हलका, ट्रान्सफॉर्मरविना इन्व्हर्टर स्वस्तात बसला असता. आमच्याच पंपाचे तेल थंड असताना दोन्ही चालवून दाखवल्यावर निर्णय सोपा झाला.

फ्यूजच्या बाबतीत त्यांनी दाखवलेली काटेकोर वृत्ती मला सर्वांत मोलाची वाटते. गाड्यांत सर्रास वापरले जाणारे पात्याचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टपर्यंतचेच असतात, आणि १२ व्होल्टच्या रिलेचे संपर्कबिंदूही ४८ व्होल्टवरील ठिणगी विझवण्यासाठी बनवलेले नसतात. घरच्या विजेसारखा दिशा बदलत राहणारा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे त्याची ठिणगी विझण्यास मदत होते. डीसीला ती सवलत नाही. शॉर्टसर्किट झाल्यास ही बॅटरी क्षणात काही हजार अँपिअर देऊ शकते, म्हणून धन टोकाजवळच १२५ अँपिअरचा क्लास-टी (एवढा मोठा प्रवाहही सुरक्षितपणे तोडणारा) फ्यूज आणि त्यानंतर डीसीसाठीच बनवलेला ब्रेकर बसवला आहे. हा फ्यूज एम. जी. रोडवरील दुकानांत मिळाला नाही, बाहेरून मागवावा लागला आणि त्यामुळे काम लांबले. तरीही त्याऐवजी दुसरे काही लावून वेळ भागवण्याचा सल्ला त्यांनी दिला नाही.

आणखी दोन गोष्टी सहज नजरेआड होतात, पण नोंदवायलाच हव्यात. पहिली, ४८ व्होल्टचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले नाही. जाण्या-येण्याच्या दोन्ही केबली स्वतंत्र आहेत आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या वायरिंगशी त्यांचा कोठेही संबंध नाही. दोन्ही मंडलांना सांगाडा समाईक ठेवला आणि एखादे अर्थिंग सैल झाले, तर ४८ व्होल्टचा प्रवाह १२ व्होल्टच्या नियंत्रकांतून वाट काढू शकतो आणि त्यांची किंमत या साऱ्या कामाच्या किमतीहून अधिक भरू शकते. दुसरी, पेटी बसवण्यासाठी हौद्याच्या तळाला एकही नवे भोक पाडलेले नाही. इलेक्ट्रिक पिकअपच्या तळाखाली मुख्य बॅटरी आणि तिच्या केबली असतात, तेथे ड्रिल चालवणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे. म्हणून पेटी बाजूच्या पट्ट्यांना शिकंज्यांनी आवळली आहे. एसी बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) आहे, आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटपाशीच, आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रल व अर्थ जोडलेले आहेत, कारण त्या जोडणीशिवाय आरसीसीबी केवळ शोभेचा राहतो. हा मुद्दा घरच्या इन्व्हर्टरवर काम करणाऱ्या अनेक वायरमनना सांगावा लागतो.

वापराचा अनुभव समाधानकारक आहे. व्हॅक्यूम पंप अर्धा दिवस चालतो, मधे ड्रिल आणि ग्राइंडरही चालतो, आणि संध्याकाळी परतताना साठा शिल्लक असतो. गाडीच्या पल्ल्यावर झालेला परिणाम वाढलेल्या वजनाइतकाच आहे. रात्री गाडी चार्जिंगला लावताना ही बॅटरी तिच्या स्वतःच्या २० अँपिअरच्या चार्जरवर वेगळी लावावी लागते आणि रिकामी असल्यास साधारण पाच तास घेते.

उणिवाही आहेत. ट्रान्सफॉर्मरचा इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी वीज खात राहतो, आणि मूळ रचनेत त्याचा खटका पेटीच्या आत होता. केबिनमधून बंद करण्याचा खटका आम्ही मागितल्यावर बसवण्यात आला. तो आधीपासून असायला हवा होता. जोडणीचा आराखडाही मागितल्यानंतरच लिहून मिळाला. उद्या हे काम दुसऱ्या कोणाला उघडावे लागले, तर तो कागद जीव वाचवू शकतो. तेव्हा बिलाबरोबरच तो दिला पाहिजे. पेटीला हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटी एप्रिल-मेच्या उन्हासाठी कमी पडतात, आणि दुपारी गाडी सावलीत उभी करण्याकडे आम्हाला लक्ष द्यावे लागते. एकूण खर्च सव्वा लाखाच्या थोडा वर गेला, त्यातील मोठा भाग बॅटरीचा आहे. जनरेटरच्या तुलनेत ही रक्कम जड आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

ज्यांना हौद्यावर शीतपेटी बसवून द्राक्षे किंवा भाजीपाला मुंबईपर्यंत न्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही व्यवस्था नाही. दिवसभर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला चार युनिटे पुरत नाहीत, आणि असा भार मुख्य बॅटरीवरच, गाडीच्या कंपनीने मंजूर केलेल्या जोडणीतूनच घेतला पाहिजे. वर्कशॉपच्या मालकांनी अशा चौकशीसाठी आलेल्या एका शेतकऱ्याला आमच्यासमोरच परत पाठवले आणि डीलरकडून लेखी उत्तर घेण्यास सांगितले. ध्वनिक्षेपक, वेल्डिंग सोडून इतर हातहत्यारे, पंपदुरुस्ती, केबल जोडणी किंवा फिरते चहा-नाश्त्याचे साहित्य यांपैकी काही चालवायचे असेल, तर मात्र येथे जावे. जाताना प्रत्येक यंत्राच्या नामफलकाचा फोटो, गाडीची अनुज्ञेय भारक्षमता आणि रोज किती तास काय चालते याचा अंदाज बरोबर न्यावा; हे तीन तपशील हाती आल्याशिवाय ते दर सांगत नाहीत.