नारायणगावचे पाटेवाले मिस्त्री : पिकअपच्या मागच्या पाट्यांच्या कामाबद्दलचा अनुभव

जुन्नर तालुक्यात टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपला इंजिनापेक्षा मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग), आधी दगा देतात. भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह साधारण बावीस किलोंचा धरला, तर 1700 किलो क्षमतेच्या गाडीत पाऊणशेच्या जेमतेम वर क्रेट बसतात. पण हंगाम भरात असताना नारायणगाव उपबाजाराच्या आवारातून शंभराच्या पुढे क्रेट रचलेली गाडी बाहेर पडताना दिसली, तर कोणालाही नवल वाटत नाही. तीच गाडी पुढे आळेफाट्यावरून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरते, मुरबाड आणि कल्याण मागे टाकून वाशीच्या बाजारात रिकामी होते आणि त्याच रस्त्याने रिकामा हौदा (माल भरायचा मागचा भाग) आदळत परत येते. भरलेल्या गाडीचा दाब आणि रिकाम्या गाडीचे दणके हे दोन्ही सोसणारी वस्तू म्हणजे मागचा पाटा, आणि म्हणूनच त्याचे काम कोणाच्या हातून करून घ्यायचे, हा पिकअपमालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय ठरतो. मी गेल्या काही हंगामांपासून हे काम नारायणगावात, पुणे-नाशिक महामार्गापासून थोडे आत असलेल्या एका शेडमध्ये करून घेत आहे. शेडवर नावाची पाटी नाही. परिसरात सगळे त्यांना ‘पाटेवाले’ एवढ्याच नावाने ओळखतात.

या मिस्त्रींच्या कामाची पहिली खूण म्हणजे गाडी समोर आल्यावर ते लगेच पाना हातात घेत नाहीत. गाडी सपाट फरशीवर, हौदा रिकामा ठेवून उभी करायला सांगतात आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजतात. त्यानंतर तारेच्या ब्रशने पाट्यांवरची माती काढून, जिथे पाटे यू-बोल्टने (यू आकाराच्या बोल्टने) ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या आसावर, आवळलेले असतात ती जागा बॅटरीच्या उजेडात पाहतात. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला त्या जागी धातू घासून लखलखीत झाला होता आणि कडेला तांबूस भुकटी जमली होती. पाटा आणि त्याची बैठक यांच्यात हालचाल होत असल्याशिवाय अशी खूण पडत नाही. टेपनेही तेच सांगितले होते, कारण डाव्या बाजूचे अंतर उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त भरले होते. यू-बोल्ट ढिले पडल्यावर पाटे एकत्र बांधून ठेवणाऱ्या सेंटर बोल्टवर सगळा मार येतो, तो झिजतो किंवा तुटतो, आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. मग सरळ रस्त्यावरही गाडी तिरकी चालते आणि टायर लवकर झिजू लागतात.

हे निदान होण्याआधी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गाडी तिरकी चालण्याची हीच तक्रार घेऊन मी गेलो होतो. तिथे पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून दिले गेले, पुढच्या फेरीलाही तेच केले गेले आणि शेवटी मागच्या पाट्यांचे दोन्ही संच नवे घालण्याचा सल्ला मिळाला. गाडीखाली वाकून यू-बोल्ट पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत. नारायणगावच्या शेडमध्ये एका बाजूचा सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट आणि चिरलेला एक पाटा एवढ्यावर काम भागले, आणि दोष नेमका कुठे होता हे मला माझ्या डोळ्यांनी पाहता आले. माझ्या मते ग्राहकाला गाडीखाली बोलावून दोष दाखवणे ही दुरुस्तीच्या धंद्यातली सर्वांत मोलाची सेवा आहे, आणि ती या ठिकाणी न मागता मिळते.

आता ज्या गोष्टीसाठी बहुतेक पिकअपवाले पाटेवाल्यांकडे जातात, तिच्याकडे वळतो. ‘मागे एक पाटा वाढवून द्या’ ही आमच्या भागातली सर्वांत जास्त ऐकू येणारी मागणी आहे. गाडी भरल्यावर मागे बसू नये, असे प्रत्येकाला वाटते. अनेक ठिकाणी ही मागणी तत्काळ मान्य होते आणि मूळ पाट्यांपेक्षा जाड पाटा संचात घुसवला जातो. हे मिस्त्री तसे करत नाहीत. माझ्यासमोर एका तरुण चालकाला त्यांनी सांगितले, ‘‘शेठ, पाटा वाढवून देईन, पण तुमचा ब्रेक काही वाढणार नाही.’’ त्यानंतर त्यांनी जी कारणे दिली, ती मला इथे सविस्तर लिहावीशी वाटतात.

पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ मिलिमीटरच्या पाट्याजागी दहा मिलिमीटरचा पाटा बसवला, तर जाडी फक्त पाव पटीने वाढते, पण तो पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. शिवाय शेजारच्या पाट्यांइतकेच वाकावे लागल्यामुळे या जाड पाट्यात ताण अधिक निर्माण होतो, आणि संचातला सगळ्यांत मजबूत म्हणून घातलेला पाटाच बहुधा आधी तुटतो. पाटे कडक झाले, तरी ॲक्सलचे हाउसिंग, चाकांचे बेअरिंग, टायर आणि ब्रेक ड्रम जिथल्या तिथेच राहतात. वाढलेले वजन त्यांनाच पेलावे लागते. रिकामी गाडी परतताना मागून उडते, आणि पावसाळ्यात माळशेजच्या ओल्या वळणांवर चाकाची पकड सुटण्याचा धोका वाढतो.

ब्रेकचा मुद्दा याहूनही गंभीर आहे आणि तो फार थोड्या चालकांना ठाऊक असतो. ज्या गाड्यांना एलएसपीव्ही, म्हणजे मागच्या भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत एक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरून खाली बसली की चेसी (गाडीचा सांगाडा) आणि ॲक्सलमधले अंतर कमी होते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवून गाडी मागून उचलली की भरलेली गाडीसुद्धा व्हॉल्व्हला रिकामी भासते आणि मागच्या ब्रेकला जेव्हा दाबाची खरी गरज असते, तेव्हाच तो कमी मिळतो. घाट उतरताना पुढच्या ब्रेकवर भार येऊन ते तापतात. मिस्त्रींनी त्या चालकाला ती दांडी हाताने हलवून दाखवली, आणि तो पाटा न वाढवता परत गेला.

कायद्याची बाजूही त्यांना माहीत आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने बंधने घातली आहेत, तर क्षमतेपेक्षा जास्त भार वाहिल्यास कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पाटे वाढवल्याने आरसी बुकातली क्षमता वाढत नाही, आणि अपघात झालाच तर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली नक्की पाहतो. गिऱ्हाईक हातचे जात असतानाही हे स्पष्टपणे सांगणारा कारागीर आमच्या भागात असणे, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

प्रत्यक्ष कामाची पद्धत चोख आहे. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान द्यायची असेल, तर ते तो गॅसच्या ज्योतीने लाल करत नाहीत, कारण असा तापवलेला पाटा पुन्हा नीट पाणी दिल्याशिवाय (तापवून थंड करून कडक केल्याशिवाय) मऊ राहतो आणि थोड्याच दिवसांत परत बसतो. कमान थंड अवस्थेतच दिली जाते. पाटा फारच बसलेला असेल, तर नवा घ्यावा असे ते सांगतात. पाट्यावर किंवा त्याच्या जवळपास वेल्डिंग करू देत नाहीत. पाटे सुटे केल्यावर प्रत्येकावर हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. चिरलेला पाटा बद्द वाजतो. जोडताना मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावतात, शॅकलचे (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचे) बुश तपासतात आणि जुने यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत, कारण एकदा ताणले गेलेले आटे पूर्वीसारखी पकड देत नाहीत. भरलेल्या गाडीची पहिली फेरी झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी बोलावतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. अनेक चालक या दुसऱ्या भेटीचा कंटाळा करतात, आणि माझ्या पाहण्यात पाटे वारंवार तुटणाऱ्या गाड्यांमध्ये त्यांचीच संख्या जास्त आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. यू-बोल्ट आवळताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) वापरला जात नाही. लांब पाइप लावून हाताच्या अंदाजाने काम होते. मिस्त्रींचा हात सराईत असला, तरी हाताखालच्या मुलांचा तसा नाही, आणि इतक्या काळजीने काम करणाऱ्या ठिकाणी एवढे एक हत्यार असायलाच हवे. बुशची निवड मर्यादित आहे. चांगल्या प्रतीचे हवे असतील, तर आधी सांगून मागवावे लागतात. अलाइनमेंटचे यंत्र नाही, त्यामुळे ॲक्सल जागेवर बसवल्यानंतर तेवढ्यासाठी दुसरीकडे जावे लागते. सुट्या भागांची आणि मजुरीची रक्कम आधीच वेगवेगळी सांगितली जाते, पण पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. शेड तीन बाजूंनी उघडी असल्याने जोराच्या पावसात काम थांबते.

फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या कडेच्या) बिजागऱ्या, हौद्याचा पत्रा, ताडपत्रीचे हूक, मागचा गार्ड ही कामे ते करत नाहीत आणि ती शेजारच्या वेल्डरकडे बरी होतात. हौद्याबाबत एवढेच सांगतो की, टोमॅटोचे पाणी आणि चिखल कोपऱ्यांत साचून पत्रा तिथूनच सडतो, म्हणून हौदा धुताना कोपऱ्यातली निचऱ्याची भोके मोकळी करून घ्यावीत.

गाडी पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) न्यायची असेल, तर पाट्यांचे काम काही दिवस आधी करून घ्यावे, म्हणजे यू-बोल्ट दुसऱ्यांदा आवळून होतात. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो, तेव्हा ही भेट वर्षातून एकदा ठरूनच जाते. हंगामात दुपारनंतर बाजारात जाणाऱ्या गाड्यांची शेडपुढे रांग लागते आणि त्या वेळी मिस्त्रींना नीट बोलायलाही सवड नसते. सकाळी लवकर, हौदा रिकामा करून आणि चाकांतली हवा दोन्ही बाजूंना सारखी भरून गेल्यास मापे बरोबर येतात आणि एका बाजूचे काम साधारण दुपारच्या आत हातावेगळे होते.