मानकुराद आंब्याला फळमाशीचे सापळे: हंगामभर वापरून पाहिल्यावर

पेडण्याच्या आमच्या बागेत मिथाइल युजेनॉलचे (वासाने फळमाशीला ओढणारं आमिष) सापळे यंदा हंगामभर टांगले होते. घ्यायच्या विचारात असाल तर आधी एवढं ध्यानात घ्या: यात अडकतो तो फक्त नर. अंडी घालणारी मादी तिकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे डबा माश्यांनी भरला म्हणून आंबा वाचला, असं समजू नका. नर घटले तरच माद्या वांझ राहतात. एकट्या झाडाला एक सापळा लटकवून काही साधत नाही. एकरी चार तरी हवेत, तेही काढणीच्या दोनेक महिने आधीपासून. शेजाऱ्यानेही लावले तर उत्तम. शिवाय गळलेला किडका आंबा रोज उचलायचाच, कारण अळी त्यातूनच मातीत उतरून कोष करते.

हे सगळं करूनही वळवाच्या सरींनंतरच्या आंब्यात अळ्या निघाल्याच. तरी मी खूश आहे, ते हुमल्यांमुळे. फळं तयार होताना व्हायची ती फवारणी सापळ्यांमुळे यंदा टाळली, आणि पानं शिवून राहणारे हे तांबडे मुंगळे झाडावर टिकले. ते तुडतुडे खातात, फळमाशीला फळावर निवांत बसू देत नाहीत. सफरचंदवाल्यांनी याचीच उलटी बाजू भोगली आहे: सरसकट मारणाऱ्या औषधाने भक्षक कोळी (जाळं विणणारे नव्हेत, बारीक माइट) आधी मेले आणि त्यांचं भक्ष्य असलेला, झाडं खाणारा तांबडा कोळी माजला. मोहोरात तर मी फवारणीला हातच आखडता घेतो. आंब्याचं परागीभवन बरंचसं साध्या माश्याच करतात, हे आपण विसरतो.

हुमल्यांचे लाड मात्र महागात पडतात. आंबे काढणारे चावे खाऊन शिव्या देतात. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी ते त्यालाही पाळतात. आणि सापळ्यात शिरून मेलेल्या माश्या पळवतात, मग किती अडकल्या ते कळणार कसं? तारेला ग्रीस फासल्यावर हे थांबलं.

सापळ्यातल्या आमिषाच्या ठोकळ्यात बहुधा मॅलॅथिऑन हे कीटकनाशक असतं. विषच ते, पण डब्यात बंद. हातमोजे घाला, पोरांपासून लांब टांगा.

परसात दुधी-दोडका असेल तर हा सापळा चालणार नाही. तिथली माशी वेगळी, तिला क्यू-ल्युअर लागतं. दुकानदार दोन्हींना ‘फळमाशीचा’ म्हणूनच देतो, तेव्हा पाकीट वाचून घ्या.