हॉप्स मागवताय? पाकिटावर पिकाचं वर्ष नसेल तर पैसे देऊ नका

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची सुकवलेली फुलं. सिट्रा जातीच्या नावाखाली मला जुने, खवट झालेले कास्केड हॉप्स विकण्यात आले. पैसे आगाऊ घेतले आणि तक्रार केल्यावर उलट मलाच पोलिसांची भीती घातली. हाच विक्रेता सोलापुरात इतरांनाही माल पाठवतो आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथे स्वतःपुरती बिअर घरी करायला 1963 पासून परवाना लागत नाही. डबाबंद किटमधून एल (बिअरचा एक प्रकार) करण्याचा नाद मला तिथेच लागला. महाराष्ट्रात तसं नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार इथे विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा आहे. त्यामुळे सोलापूरला परतल्यापासून मी हॉप्सचा फक्त सोडा करतो. साधारण 80 अंशांच्या पाण्यात लिटरला तीनेक ग्रॅम हॉप्स वीस मिनिटं मुरवायचे, थोडं लिंबू पिळायचं, गाळून गार करायचं आणि गॅस भरायचा. यीस्ट नाही, साखर नाही, अल्कोहोल नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याच्याइतकं तरतरीत पेय मला दुसरं माहीत नाही. पण त्यात चव असते ती निव्वळ हॉप्सची, त्यामुळे माल शिळा असेल तर पहिल्याच घोटाला कळतं.

विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रश्न विचारले होते: पीक कुठल्या वर्षाचं आणि अल्फा आम्ल (हॉप्सला कडवटपणा देणारा घटक) किती टक्के? उत्तर आलं, "फ्रेश क्रॉप आहे सर, अल्फा 12." सिट्राला हा आकडा बरोबर बसतो. 250 ग्रॅमचे 2,400 रुपये पाठवले.

पार्सलमध्ये साधी, आरपार दिसणारी झिपची पिशवी निघाली. हवा, उजेड आणि उष्णता या तिन्हींनी हॉप्स खराब होतात, म्हणून चांगला माल फॉइलच्या पाकिटात, हवा काढून किंवा नायट्रोजन भरून येतो. आतल्या, हॉप्स दळून दाबून केलेल्या गोळ्या तपकिरीकडे झुकलेल्या होत्या. एक गोळी नखाने फोडली तर ती कोरडी भुकटी होऊन सांडली. ताजी गोळी आतून हिरवी असते, तळहातावर चोळली की ल्युप्युलिनचा (हॉप्समधल्या सुगंधी राळेचा) पिवळसर चिकटपणा बोटांना लागतो, आणि सिट्रा असेल तर मोसंबीची साल आणि पिकलेला आंबा असा वास खोलीभर सुटतो. इथे वास आला तो जुन्या चीजचा आणि घामट मोज्यांचा. अल्फा आम्लं हवेने विघटित होऊन आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, त्याचा हा वास.

पिशवीवर 'सिट्रा' असा चकचकीत स्टिकर होता. त्याचा कोपरा उचलल्यासारखा वाटला म्हणून सोलला. खाली दुसरा स्टिकर: कास्केड, पीक 2019. कुठल्याही चादरीवर 'सोलापुरी' लिहून ती कशी खपवतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. हा प्रकार त्याच जातीचा. कास्केड काही वाईट नाही. 1972 साली अमेरिकेत बाजारात आलेली ही उत्तम जात आहे, पण तिचं अल्फा ताजेपणीही सिट्राच्या साधारण निम्मं असतं आणि दरही कमी असतो.

फोटो पाठवल्यावर विक्रेता म्हणाला, "प्रवासात रंग बदलतो सर." पार्सल जानेवारीत आलं होतं. सीलबंद माल चार दिवसांच्या थंडीतल्या प्रवासात तपकिरी होत नाही. मग म्हणे, बेल्जियममध्ये मुद्दाम जुने हॉप्स वापरतात. हे खरं आहे, पण ते लॅम्बिक बिअरसाठी. तिथे कडवटपणा उतरावा म्हणूनच हॉप्स वर्षानुवर्षं ठेवतात. ताज्या सिट्राचे पैसे घेऊन ते कुणाच्या गळ्यात मारत नाहीत. शेवटी खरं पोटातलं बोलला: "करा तक्रार. घरी दारू पाडता म्हणून आधी तुम्हालाच उचलतील." त्याचा सगळा धंदा या भीतीवर उभा आहे. मी दारू करत नाही, त्यामुळे मला ती भीती नाही. पण कितीजण या एका वाक्याने गप्प बसले असतील, याचा विचार करून संताप येतो.

आमच्या शेजारच्या मुलाला तर त्याने एलचं अख्खं किट विकलं, वर 'घरगुती वापराला लायसन्स लागत नाही' असं ठोकून दिलं. सोबत शंभर ग्रॅम 'कडवटपणाचे हॉप्स' सक्तीने माथी मारले. मुलगा म्हणाला, "काका, हे घालून तासभर उकळलं नाही तर बिअर गोडच राहते म्हणे." डबा हातात घेऊन पाहिला तर त्यावर स्पष्ट छापलेलं, हॉप्ड माल्ट एक्स्ट्रॅक्ट (आधीच हॉप्स घातलेला, मोड आलेल्या धान्याचा अर्क). म्हणजे कडवटपणा कारखान्यातच आलेला असतो. जिथे हे कायदेशीर आहे, तिथे अशा किटमध्ये वरून हॉप्स घालतात ते सुगंधापुरते: 23 लिटरला वीस-तीस ग्रॅम, आंबवण संपत आल्यावर किंवा हॉप्सचा काढा करून. इंग्लिश धाटणीच्या एलला फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज, अमेरिकन धाटणीला कास्केड किंवा सिट्रा. शंभर ग्रॅम जास्त अल्फाचे हॉप्स तासभर उकळून त्यात ओतले तर ते तोंडात धरवणार नाही. मुलाला कायदा समजावून सांगितला. त्याने डबा न उघडता परत करायला काढला, तर विक्रेता घ्यायला तयार नाही.

भारतात हॉप्स पिकतात ते लाहौलसारख्या थंड खोऱ्यात. सिट्रा आणि कास्केड अमेरिकेतले. म्हणजे पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वजन, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवाच. पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांत हे बंधनकारक आहे. माझ्या पिशवीवर यातलं वजन सोडून काहीच नव्हतं. पिकाचं वर्ष आणि त्या लॉटचं अल्फा नीट माल विकणारा न विचारता सांगतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. विक्रेत्याच्या उत्तराचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची पावती आणि दोन्ही स्टिकरचे फोटो जोडले आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्याकडेही अशी झिपची पिशवी आली असेल तर गोळ्या फेकू नका. व्हिडिओ चालू ठेवून वरचा स्टिकर सोला, खाली काय लिहिलंय ते टिपून ठेवा आणि त्याच नंबरवर तक्रार करा.